सातपुड्यात हलका कॅमेरा घेऊन हरणांच्या मागावर

खानदेशचं डोंगररान एके काळी शिकाऱ्यांनी गाजवलं. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रॅम त्याच्या कारभाराइतकाच इथल्या वाघांच्या शिकारीसाठी ओळखला गेला. पण साहेबांना जनावरापर्यंत नेणारी माणसं इथलीच होती. वारा कुठून येतोय, खूर कधीचा उमटलाय, सांबर उन्हं चढल्यावर कुठल्या घळीत बसतं, ही विद्या भिल्ल-पावऱ्यांची होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते चांगलंच झालं. माग काढायची विद्या मात्र टिकायला हवी, कारण तिच्याशिवाय पायी चालून डोंगरात हरणाचा धड एक फोटो मिळत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हरीण तुम्हाला बघून पळालं, तर फोटो कितीही स्पष्ट आला तरी तो पळणाऱ्या जनावराचा फोटो. मला चरणाऱ्या, रवंथ करणाऱ्या, पिलाला चाटणाऱ्या जनावराचा फोटो हवा असतो. तुम्ही आलात आणि गेलात, आणि त्याच्या दिवसात काहीच फरक पडला नाही, असं झालं तर दिवस सार्थकी लागला. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी जनावर ठरवा

“हरीण बघायला जातोय” म्हणून निघालेला माणूस बहुतेक वेळा काहीच न बघता परत येतो. प्रत्येकाचं रान वेगळं, वेळ वेगळी.

सांबर हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं हरीण. नराची खांद्यापाशी उंची दीड मीटरच्या आसपास भरते आणि वजन दोनशे किलोच्या वर सहज जातं. रात्रभर चरतं, पहाटे चढ चढून दाट सावलीत बसतं. नराच्या प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोकं असतात. शिंगं बहुधा मार्च-एप्रिलच्या सुमाराला गळतात, पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवीन वाढतात आणि नोव्हेंबरपर्यंत घट्ट होतात. भरल्या शिंगांचा नर हवा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हीच वेळ. माजावर येण्याचा हंगामही तोच.

भेकर एकटं-दुकटं फिरतं. नाल्याच्या काठची झुडपं, ओल, थोडी हिरवळ असेल तिथं बघा. धोका वाटला की कुत्र्यासारखं भुंकतं आणि बराच वेळ भुंकत राहतं.

चौशिंगा फक्त भारतात आणि नेपाळात सापडतो. उघड्या, गवताळ, विरळ झाडीच्या उतारावर राहतो, पाण्यापासून फार लांब जात नाही. खरं म्हणजे तो मृगकुळातला नाहीच. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं गळतात. चौशिंगा, चिंकारा, काळवीट, नीलगाय यांची शिंगं आयुष्यभर राहतात. पण बोलताना आपण सगळ्यांनाच हरणं म्हणतो आणि माग काढायची रीतही बरीचशी एकच आहे.

पहिल्यांदा जात असाल तर सांबर धरा. अंग मोठं, आवाज मोठा, खुणा ठळक. चौशिंग्याच्या मागे लागायला डोळा आधी तयार व्हावा लागतो.

कुठं जायचं आणि परवानगी

रावेर-यावल तालुक्यातलं यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे, क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर. रावेर-सावद्याहून केळीच्या बागा मागे टाकत पालला चढलं की सातपुड्याच्या आतल्या घड्या सुरू होतात. इथली एक रचना लक्षात ठेवली तर अर्धं काम होतं. सातपुडा पूर्व-पश्चिम आहे, पण सुकी, मोर, अनेर या नद्या दक्षिणेकडे तापीला जातात. म्हणून त्यांच्या दऱ्या उत्तर-दक्षिण पडल्यात, आणि प्रत्येक दरीला एक सकाळची बाजू आहे आणि एक संध्याकाळची. याचा उपयोग पुढे वाऱ्याच्या भागात सांगतो.

चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचं रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. ते सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत आहे, सातपुड्यात नाही. कडे सरळसोट आणि घळी खोल. शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य आहे. नंदुरबारला तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथं रान सुंदर, पण वस्ती आणि गुरं जास्त, त्यामुळे जनावर फार बुजरं. मुक्ताईनगरजवळच्या मुक्ताई भवानी राखीव क्षेत्रात वाघांचा वावर आहे. तिथं पायी हरणांमागे फिरायचा विचारही करू नका.

अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असू शकतं. पालला जाणार असाल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: पायी कुठपर्यंत सोडतात, बरोबर कोण येणार, आणि त्या आठवड्यात कुठला भाग बंद आहे. उत्तर मिळेल तसाच बेत आखा. ड्रोन घरी ठेवा. लायसन्सची बंदूक असली तरी ती अभयारण्यात नेता येत नाही, आणि रानात पडलेलं शिंग उचलून आणणंही गुन्हा आहे. गळालेलं शिंग दिसलं तर फोटो काढा आणि तिथंच राहू द्या. साळिंदर येऊन ते कुरतडतं, त्याच्या दातांच्या खुणाही शिंगावर बघायला मिळतात.

वाटाड्या स्थानिकच घ्या. नुसता रस्ता दाखवणारा नको; गुरं चारून किंवा मोहफुलं वेचून ज्याचं आयुष्य त्या डोंगरात गेलं, असा कुणी बाबा किंवा दादा मिळाला तर बघा. पैसे आधी बोलून ठरवा. निघण्याआधी त्याच्याशी अर्धा तास चहा घेत बसा आणि विचारा, “दादा, आता पाणी कुठं कुठं राहिलंय? आवळा कुठल्या बाजूला धरलाय?” जनावर कुठं आहे हे कुणाला विचारू नका. खाणं-पाणी कुठं आहे ते विचारा, जनावर आपोआप कळतं.

कधी

पावसाळ्यात अभयारण्यं बंद असतात आणि गवत डोक्याएवढं असतं, तो विषय सोडा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा पायी चालायचा हंगाम. पहाटे कडाक्याची थंडी, दव भरपूर, पानं अजून झाडावर. डिसेंबर-जानेवारीत आवळा पडतो. आवळ्याखाली चितळ, भेकर, सांबर येतातच. झाडाखालच्या खुणा बघून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लांबवर बसा.

फेब्रुवारीपासून साग पानं गाळायला लागतो. मार्चअखेर जमीन पापड अंथरल्यासारखी होते, पाऊल टाकलं की दरीपलीकडे ऐकू जातं. मग चालणं बंद, बसणं सुरू. मार्च-एप्रिलात मोह फुलतो, पहाटे पडलेली फुलं खायला हरणं येतात. पण अस्वलही येतं आणि फुलं वेचणारी माणसंही येतात, म्हणून मोहाखाली बसायची जागा फार विचार करून निवडा. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा पाणवठा हाच एक मार्ग.

कॅमेरा: हलका म्हणजे किती हलका

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण डोंगरात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

जीपमधून फोटो काढणाऱ्यांचं बघून लोक मोठ्या लेन्स घेतात. (लेन्सचा एमएमचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं; ‘एफ’चा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो.) ६०० एमएम एफ-४ ची नव्यातली हलकी लेन्ससुद्धा तीन किलोच्या आसपास असते. त्यावर बॉडी, तिपाई, मोठी बॅग. हे ओझं घेऊन तीनशे मीटरचा चढ चढलात तर वर पोचेपर्यंत धाप लागलेली, हात थरथरणारे आणि घामाचा वास वाऱ्यावर. शिवाय माणूस ओझ्यामुळे वाकत नाही, बसत नाही, आडवा होत नाही. हरणांमागे जाताना हे तिन्ही सतत करावं लागतं.

माझा आवडता जोड साधा आहे: कॅननची आर-७ बॉडी आणि आरएफ १००-४०० लेन्स. बॉडी बॅटरीसह ६१२ ग्रॅम, लेन्स ६३५ ग्रॅम. दोन्ही मिळून सव्वा किलो. दिवसभर छातीवर राहिला तरी मान दुखत नाही आणि एका हातात धरून दुसऱ्या हाताने दगड पकडता येतो. निकॉनवाल्यांना ३०० एमएम एफ-४ ची ‘पीएफ’ लेन्स ७५५ ग्रॅमला मिळते, तीही फार गुणी आहे. जुनी, वापरलेली घेतलीत तरी चालेल. कंपनीपेक्षा वजन बघा: बॉडी आणि लेन्स मिळून दीड किलोच्या वर जाऊ देऊ नका.

“पण ४०० एमएम पुरते का?” हिशेब करून बघा. आर-७ चा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद आहे. ४०० एमएमला ४० मीटरवर चौकटीत सव्वादोन मीटर रुंदी मावते, ८० मीटरवर साडेचार मीटर. म्हणजे ४० मीटरवर आडवं उभं सांबर चौकट भरून टाकतं, ८० मीटरवर अर्धी चौकट भरतं आणि भोवतीचं रानही दिसतं. सांबराच्या ६० मीटरच्या आत जायची गरजच नाही. चौशिंगा लहान असतो, ४० मीटरवर तो साधारण अर्धी चौकट घेतो. तेवढं पुष्कळ झालं.

हलक्या लेन्सची किंमत उजेडात मोजावी लागते. ही लेन्स ४०० ला एफ-८ आहे. पहाटेच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कमी उजेड वाढवून घ्यायची मांडणी, ३२०० ते ६४०० वर जाईल, फोटोत कण दिसतील. दिसू द्या. थोडे कण असलेला चरणाऱ्या सांबराचा फोटो मला गुळगुळीत पण पाठमोऱ्या सांबरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

घरून निघतानाच मांडणी करून ठेवा. मॅन्युअल मोड, आयएसओ ऑटो, एफ-८. शटर स्थिर जनावराला १/२५० सेकंद, चालत्याला १/५००, पळत्याला १/१०००. आवाज पूर्ण बंद, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. फोकसचा लाल-हिरवा सहायक दिवा बंद. स्क्रीन बंद, फक्त व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी. पहाटेच्या अंधारात उजळलेली स्क्रीन दरीपलीकडून दिसते. प्राण्याचा डोळा शोधणारा फोकस उघड्यावर उत्तम चालतो, पण गवताच्या काड्यांमागून भेकर बघत असेल तर तो काडीवर जाऊन बसतो. म्हणून एका बटणावर एकच लहान फोकस-बिंदू लावून ठेवा आणि डोळे मिटून ते बटण सापडेपर्यंत घरी सराव करा. सांबराचं अंग गडद असतं, सावलीत कॅमेरा फसून फोटो जास्त उजळ करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्ध्या-पाऊण स्टॉपने (पायरीने) खाली ठेवा.

तिपाई नको. हातात काठी असतेच, तिच्या वर अंगठा आणि तर्जनीचा चिमटा करून लेन्स टेकवा. बसल्यावर दोन्ही कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला रोवा. गुडघ्याच्या वाटीवर कोपर ठेवलं तर हाड हाडावर घसरतं. उभं असाल तर डावा खांदा झाडाला टेका. फोटो श्वास सोडून झाल्यावर घ्या, तेही तीन-चारच्या लहान तुकड्यात. झाडाच्या खोडावर रोज दहा मिनिटं असा सराव केला तर आठवड्यात फरक दिसतो.

दुर्बीण ८ x ३२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिलीमीटर भिंगाची) पुरे. दुर्बिणीशिवाय डोंगरात जाऊ नका. हरीण दुर्बिणीने शोधायचं असतं. कॅमेरा त्यानंतर उचलायचा.

अंगावर आणि पाठीवर

कपडे जुने, धुऊन मऊ झालेले, मातकट किंवा सुकलेल्या गवताच्या रंगाचे. हरणाला लाल-केशरी रंग आपल्यासारखे वेगळे कळत नाहीत, पण निळा आणि त्यापलीकडचा अतिनील उजेड चांगला कळतो. म्हणून निळी जीन्स टाळा. “पांढरेशुभ्र” करणाऱ्या पावडरींमधल्या रसायनांनी कपडे त्या उजेडात चमकतात. रानात न्यायचे कपडे साध्या साबणात धुवा. सळसळणारं नायलॉनचं जॅकेट घरी. चेहरा आणि तळहात सगळ्यात जास्त उठून दिसतात, तेव्हा उपरणं आणि पातळ हातमोजे घ्या.

अत्तर, डिओ, वासाचं तेल, तंबाखू, विडी नको. पाठीवर तीन लिटर पाणी, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन केळी, प्रथमोपचाराची पुडी, टॉर्च, शिट्टी. केळीची सालं परत आणायची. माकडांना केळी द्यायची नाहीत, एकदा चटक लागली की ती वस्तीत शिरतात आणि मार खातात.

एका छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत चाळलेली थंड राख घ्या, झाकणाला बारीक भोक पाडा. ही बाटली खिशात हवी, बॅगेत नको.

वारा

हरणाचा डोळा तुम्ही स्थिर राहून फसवू शकता. कान थोडा वेळ फसवू शकता. नाक फसत नाही.

डोंगरात वाऱ्याचा एक रोजचा नेम असतो. रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि नाल्या-नाल्याने खाली वाहते. सूर्य उतारावर पडला की तीच हवा तापून वर चढायला लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. या नेमावरच दिवसाचा आराखडा बांधायचा.

उजाडायच्या आत तुम्ही दरीच्या तळाशी हवेत. हवा वरून खाली येतेय, म्हणजे उतारावरच्या जनावराचा वास तुमच्याकडे, तुमचा त्याच्याकडे नाही. रात्री खाली पाण्याला किंवा शेताच्या कडेला उतरलेलं सांबर या वेळी हळूहळू वर निघालेलं असतं. खालून वर दुर्बीण फिरवा.

आता मघाशी सांगितलेली दरीची रचना आठवा. दरी उत्तर-दक्षिण असल्यामुळे पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन आधी पडतं, पूर्वेकडची भिंत सावलीत राहते. उन्हातली भिंत लवकर तापते, तिथला वारा आधी उलटतो आणि जनावर तिथून लवकर आडोशाला जातं. सावलीतल्या भिंतीवर खाली वाहणारा वारा जास्त वेळ टिकतो आणि सांबर-भेकरही जास्त वेळ बाहेर राहतात. म्हणून सकाळी पूर्वेकडची भिंत बघायची.

वारा उलटायच्या वेळी, साधारण आठ ते नऊच्या मध्ये, तो कुठेही भरकटतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात जनावराच्या जवळ जायचा प्रयत्न करू नका. भाकरी खायची ती तेव्हाच. एकदा तो वर चढायला लागला की तुम्हीही लांबचा वळसा घेऊन धारेवर (डोंगराच्या कण्यावर) चढा, आणि वरून खाली बसण्याच्या जागा न्याहाळा.

हा नेम मोडतोही. ढगाळ दिवशी, मोठा वारा सुटल्यावर, दोन नाल्यांच्या तोंडाशी काहीही होतं. म्हणून राखेची बाटली. दर शंभर पावलांवर हलकेच दाबा आणि राख कुठं जाते ते शेवटपर्यंत बघा. हाताजवळ ती एकीकडे जाते आणि पाच-सहा फुटांवर वळते, ते वळण महत्त्वाचं.

जमीन वाचणं

पाणवठ्याच्या कडेचा चिखल, नाल्यातली वाळू, पायवाटेवरची धूळ, या तीन ठिकाणी थांबाच. सांबराचा खूर मोठा आणि खोल उमटतो. चितळाचा त्याहून बराच लहान आणि निमुळता. भेकर आणि चौशिंगा दोघांचेही इवलेसे. फरक सांगायला अनुभव लागतो. रानडुकराच्या खुरामागे दोन लहान नखांचे ठसे दिसतात, टोकं बोथट असतात. बकऱ्यांचे खूर नेहमी घोळक्यात आणि बरोबर माणसाची वहाण.

ताजेपणा बघायचा असेल तर शेजारी आपलं बोट दाबा आणि दोन्ही कडा पडताळा. तुमच्या बोटाची कड धारदार, आणि खुराची ढासळलेली, गोल झालेली असेल तर माग जुना. खुरात गळालेलं पान पडलंय का? किड्याची रेघ त्यावरून गेलीय का? पहाटेचं दव खुराच्या आत आहे की फक्त बाहेर? खूर दव पडल्यानंतर उमटला असेल तर तिथलं दव मोडलेलं दिसतं, आणि याचा अर्थ जनावर जवळ आहे.

लेंड्या चमकदार आणि ओल्या असतील तर काही तासांपूर्वीच्या. उन्हाळ्यात त्या फार लवकर वाळतात, तेव्हा एक फोडून आत ओल आहे का बघा. चौशिंगा पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो. असा बारीक लेंड्यांचा जुना-नवा ढीग सापडला, वरचा थर ताजा असला, तर चौशिंगा शोधत फिरायची गरज उरत नाही. वाऱ्याखाली चाळीस-पन्नास मीटरवर आडोसा धरा. नीलगायही ठरावीक जागी शेण टाकते, पण तिच्या लेंड्या बऱ्याच मोठ्या असतात.

झाडांकडेही बघा. नोव्हेंबरच्या आधी सांबराचा नर शिंगं खोडावर घासतो. कमरेएवढ्या उंचीवर सोललेली साल आणि ताजा चीक दिसला तर नर त्या घळीत वावरतोय. चिखलात लोळल्याच्या जागा, आणि आजूबाजूच्या गवतावर लागलेला चिखल ओला आहे की वाळलेला, हेही वाचून घ्या.

जवळ जाणं

दोन-तीन पावलं, मग थांबणं. थांबणं चालण्यापेक्षा लांब. थांबताना झाडाच्या सावलीत आणि खोडाला लागून, उघड्यावर कधीच नाही. धारेवर उभं राहू नका, आकाशावर माणसाची आकृती लगेच दिसते. धार ओलांडायची तर वाकून, झुडपामागून.

दव असेतो पानं मऊ असतात, तेवढ्यात चालून घ्या. दव उडालं की नाल्याची वाळू आणि दगड धरा. पाऊल टाचेकडून ठेवून हळूहळू बोटांवर वजन आणा, काटकी लागली की पाऊल मागे घ्या. वाटाड्या पुढे, तुम्ही मागे. बोलणं फक्त हाताने. दोघांपेक्षा जास्त माणसं नेऊ नका.

दुर्बिणीने अख्खं हरीण शोधू नका, ते दिसत नाही. उभ्या खोडांच्या रानात आडवी रेघ शोधा, ती पाठ असते. कान हलतो, शेपटी झटकते, शिंगाचं टोक उन्हात चमकतं. सालई आणि अंजनाच्या उजळ खोडांमध्ये सांबराचा गडद ठिपका उठून दिसतो. भेकर मात्र वाळलेल्या पानांत मिसळून जातं. डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्याने बघा, आणि संपलं की पुन्हा तेच रान बघा.

दिसलं की आधी काही करू नका. ते काय करतंय बघा. मान खाली आणि शेपटी सैल असेल तर हळूच हलता येईल. मान वर, दोन्ही कान पुढे असतील तर थिजून जा. आमचा पाल भागातला वाटाड्या अशा वेळी ओठांतल्या ओठांत एवढंच म्हणतो, “हालू नको भो, सांबर देखी ऱ्हायनं.” त्याच्या डोळ्यात डोळे घालू नका, नजर थोडी बाजूला ठेवा. सांबर पुष्कळदा मान खाली घातल्यासारखं करतं आणि झटक्यात परत वर करतं. पहिल्यांदा मान खाली गेली की लगेच हलू नका, ते खरोखर चरायला लागल्याची खात्री होऊ द्या.

पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटी ताठ झाली, किंवा “ढाँक” असा तोफेसारखा आवाज काढला, तर तुम्ही कळलात. तिथंच बसा, ते जाऊ द्या, पाठलाग करू नका. त्या दरीतली बाकीची जनावरंही आता सावध झालेली असतात. तासभर तरी ती दरी सोडा. आणि ते तुमच्याकडे न बघता भलतीकडेच बघून ओरडत असेल, वानरंही त्याच दिशेला खॉक-खॉक करत असतील, तर तिकडे बिबट्या आहे असं समजून चाला. पुढे जाऊ नका.

माद्या-पिलं असतील तर अंतर दुप्पट ठेवा. गवतात एकटं बसलेलं पिलू “सोडून दिलेलं” नसतं. आई चरायला गेलेली असते. हात लावू नका, जवळून फोटोही काढू नका.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर

वनखात्याने बांधलेलं मचाण किंवा लपण असेल तर त्यातच बसा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री खातं मचाणांवरून प्राणी मोजतं, त्यात सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. रात्रभर पाणवठा बघायला त्यासारखी सोय नाही. स्वतःहून बसायची परवानगी मिळाली तर पाण्याच्या अगदी काठावर बसू नका. तहानलेलं जनावर तुम्हाला बघून पाणी न पिता परत फिरलं, तर पुढचं पाणी त्याच्यासाठी कित्येक किलोमीटर लांब असू शकतं. साठ-सत्तर मीटरवर, येणाऱ्या वाटेच्या बाजूला, वारा बघून जागा धरा. दुपारी तीनच्या आत बसा आणि अंधार पडायच्या आत, जनावर पाण्यावर नसताना उठा.

दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते, लांबचे फोटो कितीही फोकस केले तरी मऊच येतात. लेन्सला दोष देऊ नका, जवळच्या सावलीतले विषय बघा.

स्वतःची काळजी

सातपुड्यात मला बिबट्यापेक्षा अस्वलाची जास्त धास्ती वाटते. ते खाली मान घालून वाळवी उकरत असतं, वारा तुमच्या बाजूचा असल्यामुळे त्याला तुमचा पत्ता लागत नाही आणि अगदी जवळ आल्यावर दचकून अंगावर येतं. उकरलेली वारुळं, मोहाची किंवा बोरांची बी असलेली विष्ठा, झाडावर नखांचे ओरखडे दिसले तर लपत चालणं सोडा, मोठ्याने बोलत परत फिरा. कपारीच्या तोंडाशी बसू नका. कड्याखाली थांबायच्या आधी वर बघा, आग्या मोहोळ असेल. बसायची जागा काठीने झोडपून घ्या. घोणस आणि फुरसं दोन्ही पालापाचोळ्यात दिसत नाहीत. संध्याकाळी अंगावरच्या गोचिडी शोधून काढा. मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठल्या दरीत जाताय आणि किती वाजता परतणार, हे गावात कुणाला तरी सांगून निघा.

परत आल्यावर

त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, दरीचं नाव, कुठली भिंत, वारा कसा होता, काय खात होतं. दोन हंगाम असं लिहिलंत तर तुमच्या हाती त्या डोंगराचा नकाशा येतो, जो कुठल्याच ॲपमध्ये नाही. फोटो कुठंही टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढा. चौशिंग्याच्या ढिगाची, पाणवठ्याची, मोठ्या शिंगाच्या नराची जागा लिहू नका, तालुक्याचं नाव पुरे. एक छापील प्रत वाटाड्याला द्या.

आणि फिरताना पायवाटेच्या आडव्या झुडपात पातळ तारेचा फास दिसला, पाणवठ्याजवळ नव्याने रचलेला फांद्यांचा आडोसा दिसला, किंवा विजेच्या तारेला आकडा टाकून रानात सोडलेली तार दिसली, तर हात लावू नका. तारेत वीज असू शकते, आणि फास हलवला तर पुरावाही जातो. लांबून फोटो काढा, जागा नोंदवा, लगेच बरोबरच्या वनरक्षकाला सांगा. तो नसेल तर रेंजमध्ये आल्याबरोबर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि तुमच्याकडचे फोटो आणि जागेची नोंद त्यांच्या हवाली करा.